साक्ष दिली आणि गोळ्या सोडल्या

डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला आणि पेन्सिलीच्या टोकानं एक जागा दाखवली. "हे वरचे मणके बघा. कसे चौकोनी, एकेक सुटे आहेत. आता हे दोन बघा. मधली फट गेली आणि कडा खाल्ल्या गेल्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, हा पॉट्स स्पाइन आहे. म्हणजे मणक्याचा टीबी."

"शक्य नाही," मी म्हणाले. "मला खोकला नाही."

माझा स्वभावच तसा. समोरचा डॉक्टर असो की हेडमास्तर, आधी नाही म्हणायचं. डॉक्टर गुजराती होते, मराठी चांगलं बोलायचे. त्यांनी शांतपणे समजावलं, की टीबी जसा फुप्फुसात होतो तसा हाडातही होतो. तो मणका आतून पोखरतो. पोखरलेल्या जागी पू साठतो. त्या पुवाचा दाब मज्जारज्जूवर, म्हणजे कण्यातून जाणाऱ्या नसांच्या दोरीवर आला, की पाय जातात.

"तुमचे पाय अजून गेलेले नाहीत," ते म्हणाले.

तो "अजून" माझ्या कानात रुतून बसला. मी विचारलं, किती दिवस लागतील? ते म्हणाले, दीड वर्ष. मी म्हणाले, मला उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेत हजर व्हायचंय. ते म्हणाले, "शाळा कुठे पळून जात नाही. पायांचं मी सांगू शकत नाही."

ही हकीकत मी लिहितेय ती ज्यांच्या घरात असं लांबणारं दुखणं आलंय त्यांच्यासाठी. विशेषतः आमच्या ख्रिस्ती घरांसाठी, कारण मी केलेली चूक आमच्यातलंच माणूस करू शकतं. वाचून मला मूर्ख म्हणा, चालेल. पण गोळ्या सोडू नका.

सिल्वासा भारतात रीतसर सामील होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि आमचे हे जंगल खात्यात कारकून होते. आठवड्यातले तीन-चार दिवस ह्यांचा मुक्काम खानवेलला असायचा. आम्ही दोघंही मूळचे नगरकडचे. आमची शालू चार वर्षांची होती.

पाठ दुखायला लागली ती दिवाळीच्या आसपास. मला वाटलं, पाण्याच्या हंड्यांमुळे. बाम चोळला, शेक घेतला. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, तर म्हटलं थकवा असेल. शाळेतल्या दादरच्या एका बाईंनी विचारलं, "अहो, तुम्ही खडू पडला तरी वाकत नाही, मुलांना उचलायला लावता. काय होतंय?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की महिनाभर मी खाली वाकलेच नव्हते. मग ह्यांनी ऐकलं नाही. वापीला जाऊन गाडी धरली आणि मला त्या गुजराती डॉक्टरांच्या मिशन हॉस्पिटलात नेलं.

तिथे मला प्लास्टर जॅकेट घातलं. म्हणजे काखेपासून कमरेपर्यंत प्लास्टरचं कवच. घरी यायचं, फळीवर पडून राहायचं, फक्त गरजेपुरतं उठायचं. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. आयएनएच नावाच्या बारक्या गोळ्या आणि पास नावाच्या मोठाल्या. त्या पासनं पोट असं ढवळायचं की अन्नाचा वास नको व्हायचा.

शालूला ह्यांनी नगरला आपल्या बहिणीकडे पोचवलं. निघताना तिनं विचारलं, "तू कधी बरी होणार?" मी म्हणाले, "लवकर." दुसरं काय सांगणार?

रोज सकाळी सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर छगनभाई सायकलवरून यायचे. "चालो बेन, सोय," म्हणायचे. सोय म्हणजे सुई. मी कुरकुर केली की त्यांचं एकच वाक्य, "धीरज राखो, बेन, धीरज." त्या शब्दाचा मला वीट आला होता. ज्याला फळीवर पडायचं नसतं त्याला धीर धरा म्हणायला काय जातं?

आई म्हणायची, आमची ही म्हणजे उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. खोटं नव्हतं. भाकरी फुगायच्या आत मी ती तव्यावरून काढायचे. आणि आता माझ्याच पाठीनं मला छताकडे बघत पाडून ठेवलं होतं. शालू परत यायला किती उरले, ते दिवस मी मोजायचे.

पण औषध लागू पडलं. महिन्यात ताप गेला, तिसऱ्या महिन्यात दुखणं निम्म्यावर आलं. इंजेक्शनं आठवड्यातून दोनवर आली. पाचव्या महिन्यात प्लास्टर कापलं. ईएसआर नावाची रक्ताची तपासणी असते, आत आजार किती धुमसतोय ते तिच्यावरून कळतं. तो आकडाही उतरला होता. प्लास्टरऐवजी कॅनव्हासचा पट्टा मिळाला.

डॉक्टर म्हणाले, "छान सुधारतंय. पण जखमेवर खपली धरावी तसं आहे, आत अजून ओलं आहे. एकही गोळी चुकवायची नाही. बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. दोन्हींमध्ये तुमचं अजून एक वर्ष आहे."

मी ऐकलं फक्त "छान सुधारतंय".

आता आमच्या मंडळीविषयी सांगायला हवं. सिल्वाशात आम्ही मराठी ख्रिस्ती सात घरं, सगळी नोकरीपायी आलेली. रविवारी संध्याकाळी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी प्रार्थना असायची. ती चालवायचे शांतवनमामा. मिशनच्या शाळेतून निवृत्त होऊन ते मुलाकडे राहायला आले होते. मी पडून होते तेव्हा ते दर आठवड्याला येऊन खुर्चीवर बसायचे, प्रार्थना करायचे आणि जास्त न बोलता जायचे.

आमच्यात कोणावर देवाची कृपा झाली की त्या घरी उपकारस्तुती ठेवतात. सगळ्यांना बोलवायचं, गाणी म्हणायची, आणि ज्याचं भलं झालं त्यानं उभं राहून साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे प्रभूनं माझ्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं. साक्ष चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही आणि शंका तर कोणीच विचारत नाही. शेवटी सगळे आमेन म्हणतात, मग चहा आणि शिरा.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात मी उपकारस्तुती ठेवली. हे म्हणाले, जरा थांबूया का? मी म्हणाले, देवाचे आभार मानायला कसलं थांबायचं?

मी उभी राहिले. कॅनव्हासचा पट्टा मुद्दाम काढून ठेवला होता. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागलेले. पाच महिने ज्या बायकांनी मला डाळभात आणून घातला त्याच समोर बसल्या होत्या. त्यांच्या प्रार्थना वाया गेल्या नाहीत हे मला त्यांना दाखवायचं होतं. मी म्हणाले, प्रभूनं माझा आजार मुळासकट काढून टाकलाय, मी पूर्ण बरी झाले. डॉक्टरांचं पुढचं वर्ष मी गिळून टाकलं. सगळे इतक्या जोरात आमेन म्हणाले, की शेजारी कोणीतरी दार उघडून बघितलं. शांतवनमामांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर गोळ्या घेत होते. मंडळीतली एक बाई शिऱ्याचं पातेलं परत द्यायला आली. माझ्या तळहाताकडे बघून म्हणाली, "अगं बाई, औषधं अजून चालूच का? काल तर तुम्ही..." आणि तिथेच थांबली.

"ताकदीच्या आहेत," मी म्हणाले.

ती गेली. मी तशीच बसून राहिले. काल देवासमोर पूर्ण बरी झाले म्हटलं आणि आज गोळी गिळतेय. म्हणजे एक तर काल मी खोटं बोलले, नाही तर आज माझा विश्वास नाही. वाटा दोनच होत्या. रविवारी उभं राहून सांगायचं, की बायांनो, मी जास्त बोलले. किंवा साक्ष खरी करून दाखवायची. पहिलीत लाज होती. मी दुसरी धरली आणि तिला विश्वास हे नाव दिलं. अजूनही सांगते, त्यात सगळा गर्वच होता असं नाही. मला खरंच वाटत होतं, की गोळी घेणं म्हणजे देवाला खोटं पाडणं.

रोजच्या गोळ्या मी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायला लागले, म्हणजे बाटलीतल्या कमी होताना ह्यांना दिसाव्यात. छगनभाईंना सांगितलं, डॉक्टरांनी सोय बंद केली.

"कागळ बतावो," ते म्हणाले. चिठ्ठी दाखवा.

"ह्यांच्याकडे आहे, खानवेलला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बेन, डॉक्टर आवी रीते बंध नथी करता." डॉक्टर असं बंद करत नाहीत. मी दार लावून घेतलं. दोन-तीनदा ते परत येऊन गेले. मी आतूनच सांगायचे, बरी आहे.

नणंदेला पत्र टाकलं, मी बरी झाले, शालूला पाठवा. शालू आली, मी शाळेतही हजर झाले. तिच्या वेण्या घालताना, तिला भरवताना मला वाटायचं, बघा, देवानं माझी लाज राखली. हे विचारायचे, गोळ्या घेतेस ना? मी म्हणायचे, डोळे नाहीत का, बाटली बघा की.

दोन महिने काही झालं नाही. तिसऱ्या महिन्यात एक दिवस बाजारातून येत होते. मागून एक बाई ओरडली, "ओ बेन! चंपल!"

मी वळले. माझी डावी चप्पल दहा-बारा पावलं मागे पडलेली होती. तेवढं अंतर मी खडीवरून एका अनवाणी पायानं चालत आले होते आणि मला कळलं नव्हतं.

चप्पल उचलली, घातली, घरी आले. दार लावून टाचणी घेतली आणि डाव्या अंगठ्याला टोचली. टोचताना दिसत होतं, टोचल्याचं कळत नव्हतं. उजव्याला टोचली. तिथे कुठेतरी लांबून कळलं.

त्याच दिवशी मी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर पुढचं कदाचित टळलं असतं. पण मी गुडघे टेकले आणि म्हणाले, प्रभू, मी साक्ष दिलीय, आता तुझी इभ्रत तूच सांभाळ. प्रार्थना कसली, मी देवालाच धमकी देत होते. उठताना भिंत धरावी लागली.

पुढचे पाच-सहा दिवस मी पाय ओढत चालले. शालूला सांगितलं, आपण बदकाचा खेळ खेळतोय. ती माझ्या मागे तशीच पाय ओढत यायची आणि खिदळायची. बसल्या बसल्या माझा गुडघा आपोआप थडथड उडायचा. मी त्यावर हात दाबून ठेवायचे. त्या आठवड्यात हे सलग खानवेलला होते.

शनिवारी दुपारी शाळेतून आले. शालू पायरीवर उभी होती. "उचल ना," म्हणाली. मी उचललं. डावा गुडघा गेला, मग उजवा. आम्ही दोघी पायऱ्यांवर आपटलो. शालूचं कपाळ फुटलं. मी तिच्याकडे सरकायला गेले तर कमरेखालचं काहीच हलेना. रक्त तिच्या डोळ्यात उतरत होतं आणि ती ओरडत होती, "आई, ऊठ! ऊठ ना!" चार हातांवर माझी पोर होती आणि मला तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं.

शेजाऱ्यांनी छगनभाईंना आणलं. त्यांनी शालूला टाके घातले. मग ह्यांना निरोप धाडला. संध्याकाळच्या बसनं हे आले. हॉस्पिटलचे कागद शोधताना ह्यांना तो बिस्किटाचा डबा सापडला. झाकण उघडलं आणि तसेच माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

आमचे हे आवाज चढवणारे नव्हेत. त्या दिवशी चढवला. "देवानं सांगितलं होतं का तुला गोळ्या सोडायला? की सात घरांतल्या बायकांनी?" मग खाली बसले आणि रडले. मला ते ओरडणं सोसलं, रडणं सोसवलं नाही.

ऑफिसच्या जीपमध्ये आडवी घालून मला वापीला नेलं, तिथून गाडीनं हॉस्पिटलात. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर किल्ली ओढली. "पॅराप्लेजिया," ते म्हणाले. म्हणजे कमरेखालचे दोन्ही पाय लुळे पडणं. "गोळ्या किती दिवस चुकल्या?"

"थोड्या," मी म्हणाले.

"तीन महिने," हे म्हणाले.

डॉक्टर बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "मी रागवत नाही. रागावून मणका जुळत नाही. आजपासून पुन्हा पहिला दिवस, दीड वर्षाचा. सहा आठवडे फळीवर सपाट. सहा आठवड्यांत पायाची बोटं हलली तर ठीक. नाही तर बरगडीच्या बाजूनं कापून पू काढावा लागेल, तेही मुंबईला. आणि त्यानंतरही पाय येतील असं मी लिहून देणार नाही."

शालूची पुन्हा नगरला रवानगी झाली. कपाळाला पट्टी होती. या वेळी तिनं काही विचारलं नाही, रडलीही नाही. मी हात पुढे केला तर ती ह्यांच्या मागे सरकली.

ते सहा आठवडे कसे गेले ते ज्याच्यावर येईल त्यालाच कळेल. लघवीला नळी. पाठीला फोड येऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी दोघीजणी मला ओंडक्यासारखी कुशीवर करायच्या. सकाळी डॉक्टर यायचे, चादर वर करायचे आणि म्हणायचे, "बेन, अंगठा." मी सगळा जीव एकवटून अंगठ्याला हुकूम द्यायचे. अंगठा मेल्यासारखा पडलेला. "ठीक आहे, उद्या," म्हणून ते पुढच्या खाटेकडे जायचे.

पहिला आठवडा मी देवाशी भांडले. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, ही शिक्षाच आहे. तिसऱ्यात प्रार्थनाच होईना. डोळे मिटले की शालूचं कपाळ दिसायचं. आणि एक भीती होती ती कोणाला सांगता येत नव्हती. सहा आठवडे संपतील, अंगठा हलणार नाही, आणि मी एवढ्या माणसांसमोर देवाचं नाव घालवलेली बाई म्हणून जन्मभर फळीवर पडून राहीन.

चौथ्या रविवारी शांतवनमामा आले. म्हातारा माणूस, बस आणि गाडी बदलून एकटाच आलेला. मी तोंड भिंतीकडे केलं. म्हटलं, आता म्हणतील, विश्वास कमी पडला.

मामा बसले. म्हणाले, "बायबलातल्या हिज्कीया राजाचं दुखणं आठवतं का तुला?"

मी भिंतीकडेच बघत राहिले.

"मरायला टेकला होता. रडला, प्रार्थना केली. देवानं निरोप पाठवला, तुला बरा करतो. देवाचा शब्द, बाई. त्याच्यापुढे काही राहिलं का? तरी संदेष्टा काय म्हणाला? अंजिराची ढेप आणा आणि गळवावर बांधा. देवानं बरं करतो म्हटल्यावरसुद्धा लेप लावला. आणि तो लावायला सांगणारा वैद्य नव्हता, देवाचाच माणूस होता."

मी उसळले. लोळागोळा होऊन पडलेली, तरी उसळले. "मग हे त्या दिवशी का नाही सांगितलंत? मी साक्ष देत होते तेव्हा कुठे गेली होती तुमची अंजिरं?"

वॉर्डातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. मामांनी मान खाली घातली. "मला आनंद फार झाला होता," ते म्हणाले. "महिनोन् महिने मागत होतो, आणि तू उभी राहिलीस. डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचं मनात आलं होतं. पण साक्षीत कसं विचारायचं म्हणून गप्प बसलो. चूक माझीही आहे. ती कबूल करायलाच आलोय."

एवढ्या वयाचा माणूस माझ्यापुढे चूक कबूल करत होता. माझ्या रागातली हवाच गेली. मी रडले, चांगली हमसून रडले. मामांनी त्या दिवशी प्रार्थना केली ती फक्त एवढीच, की हिच्या पोटात आजची गोळी राहू दे. कारण पास मला उलटून पडत होती, आणि ते त्यांनी नर्सकडून विचारून घेतलं होतं.

तेव्हापासून मीही तेवढंच मागायला लागले. आजची गोळी राहू दे. पाय मागायची हिंमत नव्हती, आणि गोळीपुरतं मागताना खोटं बोलावं लागत नव्हतं. कधी राहायची, कधी नाही. उलटली तर नर्स तासाभरानं दुसरी द्यायची.

सहावा आठवडा लागला. डॉक्टरांनी मुंबईचं पत्र लिहून ठेवलं होतं, हे रजा काढून आले होते. मंगळवारी सकाळी चादर वर झाली. "बेन, अंगठा."

उजवा अंगठा हलला.

हे जागचे उठले. डॉक्टरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "थांबा. ही आपोआपची थरथरही असू शकते. बेन, मी सांगितलं की हलवा. थांबा म्हटलं की थांबवा." ते म्हणाले हलवा, मी हलवला. थांबा, तो थांबला. हलवा. हलला. थांबा. थांबला. असं पाच वेळा. माझ्या कपाळावरून घाम कानात उतरत होता. डावा अजून मढ्यासारखाच होता.

"तुमच्या हुकमात आहे," डॉक्टर म्हणाले. "पत्र फाडत नाही, खिशात ठेवतो. आठवडाभर पाठवत नाही."

त्या आठवड्यात डाव्याचं करंगळीशेजारचं बोट हललं. पत्र खिशातच राहिलं.

पुढचं सगळं इतकं हळू झालं, की सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. एका महिन्यात घोटा, दोन महिन्यांत गुडघा. चौथ्या महिन्यात बसवलं तर घेरी आली. सहाव्यात दोघींनी धरून उभं केलं. आठव्या महिन्यात प्लास्टर जॅकेट आणि काठी घेऊन सिल्वाशाला आले. छगनभाई दुसऱ्याच दिवशी दारात हजर. "चालो बेन, सोय." मी म्हणाले, भाई, एक काय, दोन टोचा. ते पहिल्यांदा हसले.

रविवारची प्रार्थना आमच्या घरी झाली. मी खुर्चीत बसूनच सगळं सांगितलं, डब्यासकट. मी अजून बरी झालेली नाही, अजून दहा महिने आहेत, हेही सांगितलं. कोणी आमेन म्हणेना. कशावर म्हणायचं ते त्यांना कळेना. शेवटी शांतवनमामा म्हणाले, "आमेन. आणि ताई, आजची घेतली का?" साक्षीत प्रश्न विचारायची सुरुवात आमच्याकडे तिथून झाली.

दीड वर्ष भरलं. डॉक्टर म्हणाले, दोन मणके जुळून एक झालेत, गोळ्या बंद. डावा पाय थोडा ओढेल, तो तसाच राहील. मी म्हणाले, राहू दे. खरंच मला त्याचं काही वाटलं नाही.

एवढे दिवस शालूला बोलावलं नव्हतं. या वेळी घाई करायची नाही असं आम्ही ठरवलं होतं, आणि ते शहाणपणाचंच होतं. पण त्याचीही किंमत असते. ती आली तेव्हा साडेसहा वर्षांची होती. कपाळावर पांढरा वण. ह्यांच्या हाताला धरून दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "मामी, पाणी कुठंय?"

नणंदेची मुलं मला मामी म्हणतात. आपल्या आईला आई म्हणतात. त्यांच्यात वाढलेली पोर, तीही तेच शिकली. नगरला तिची आई होती आणि इथे मामी. ह्यांनी लगेच सुधारायला तोंड उघडलं. मी डोळ्यांनीच नको म्हटलं. पाणी दिलं आणि मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबला. पाय परत आले होते, पोर आली नव्हती.

जुनी मी असते तर दोन दिवसांत घोकवून घेतलं असतं, म्हण आई, म्हण. पण आता मला एवढं कळत होतं, की आतलं ओलं वाळायला वेळ लागतो. मी तिच्या वेण्या घातल्या, तिला पाढे शिकवले, खोडी केली तर रागवलेसुद्धा. मामी तर मामी. ती नगरच्या आईच्या आठवणी सांगायची, मी ऐकून घ्यायचे. काही दिवशी ऐकवत नसे. तेव्हा देवाला म्हणायचे, आजच्यापुरतं निभावून ने.

पाच महिने गेले. एका दुपारी मी तांदूळ निवडत होते. शालू परसातून लंगडत आली आणि पाय माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आई, काटा मोडलाय. काढ."

मी सुई आणली. काटा काढला, हळद लावली. ती पळून गेली. काय बोलून गेली ते तिच्या ध्यानातही नव्हतं.

रविवारी शांतवनमामांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का? ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनंच नको म्हटलं. शालू एकदाच आई म्हणाली होती. म्हटलं, अजून थोडे दिवस जाऊ देत.